सेल्वा, दोलोमितेस: हॉटेलात मुक्काम, दिवसभर चाल

रविवार, रात्री

ट्रेकच्या जुन्या ग्रुपवर सकाळीच टाकलं होतं, की या वेळी हॉटेलात राहून, गाइड घेऊन दोलोमितेसचे, म्हणजे इटलीतल्या आल्प्सचे, डोंगर चालणार आहे. लगेच उत्तर आलं, "मग शिखरावर रूम सर्व्हिस येणार का?" हसायला काय जातंय त्यांचं. आम्ही गुहेत झोपलेली माणसं. रॉकेलचा स्टोव्ह, टोप, तांदूळ-डाळ आणि कांदे पाठीवर घेऊन चढलो नाही तर तो ट्रेकच नव्हे, असं मानणारी. पण आता साठी उलटलीय आणि गुडघ्यांनी आपलं मत स्पष्ट कळवलंय.

म्युनिकहून धाकटी बहीण बरोबर आहे, तिनेच हे ठरवलं. ब्रेनरची खिंड ओलांडून गाडी इटलीत शिरली, बोल्झानोला उतरून बस. ग्रोडेन दरीतलं हे सगळ्यात वरचं गाव. इटालियनमध्ये सेल्वा, जर्मनमध्ये वोल्केनश्टाइन. उंची १५६३ मीटर, म्हणजे आमच्या खोलीची गॅलरी कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम ऐंशी मीटर खाली. न चढता इथवर आले, याचं थोडं अपराधी वाटलं. मग जेवायला बसले आणि ते गेलं.

जेवणाआधी गाइडने सगळ्यांना खाली बोलावलं. पन्नाशीची, याच दरीतली बाई. आधी बूट मागितले. एकेक उलटा करून तळवा बघितला, अंगठ्याने दाबून पाहिला. मग प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारलं: गुडघे, छाती, उंचीची भीती, रोजची औषधं. हॉटेलने छापलेला आठवड्याचा कार्यक्रम आमच्या हातात होता. तिने तिच्या कागदावर पेन्सिलीने गुरुवारपुढे प्रश्नचिन्ह काढलं. गुरुवार म्हणजे वरच्या पठारावरून पुएझच्या झोपडीपर्यंतची मोठी चाल, त्याच्याचसाठी निम्मे लोक आलेत. मी बहिणीला म्हटलं, "बाई कामाची आहे."

सोमवार

झाइझर आल्म. खालच्या ओर्तिझेई गावातून गोंडोलाने वर गेलं की एकदम हिरवं पठार उघडतं. ५६ चौरस किलोमीटर, युरोपातलं सगळ्यात मोठं उंचावरचं कुरण म्हणतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच खासगी गाड्यांना वर बंदी, त्यामुळे आवाज फक्त गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा. जूनअखेर, फुलं गुडघ्यापर्यंत. कासला जाऊन दोरीमागून फुलं बघण्याची सवय असलेल्या माणसाला इथे मधून वाट काढून दिलीय याचंच अप्रूप. अर्थात वाट सोडायची नाही. गवत शेतकऱ्याचं आहे, कापून गाईंना हिवाळ्यात घालायचं असतं.

पहिली पंधरा मिनिटं गाइड इतकी हळू चालली की मला वाटलं ही कुणाची तरी वाट बघतेय. मागचा डच गृहस्थ चुळबुळत होता. तासाभराने लक्षात आलं, अजून कुणीही थांबलेलं नाही, कुणाला दम लागलेला नाही. आमच्या वेळी सुरुवातीला पोरं पळायची आणि पहिल्या पदरावर जीभ बाहेर काढून बसायची. मी ओरडायची, कुणी ऐकायचं नाही. ही ओरडत नाही, नुसती पुढे राहते. तिला ओलांडून जाणं म्हणजे उद्धटपणा, म्हणून सगळे आपोआप तिच्या चालीने.

काठ्याही पहिल्यांदाच वापरल्या. चढताना आखूड, उतरताना लांब.

इथल्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असते: अमुक झोपडी दीड तास. आणि खरोखर दीड तासच लागतो! दगडांवर लाल-पांढरा-लाल पट्टा आणि वाटेचा नंबर. सह्याद्रीतल्या मामांचं "हे काय, इथंच" आठवलं, त्या "इथंच"मध्ये माझे कितीतरी सूर्यास्त गेलेत.

मंगळवार

सेचेदा. इथल्या फोटोंत नेहमी दिसतो तो डोंगर, एका अंगाला तिरकी हिरवी उतरण आणि दुसऱ्या अंगाला सरळ तुटलेला कडा. केबलकारने २५०० मीटरवर. फोटोच्या जागी रांग. गाइडने सांगितलं की २०२५ च्या उन्हाळ्यात तिथल्या जमीनमालकांनी चक्क फिरतं फाटक बसवून पाच युरो घ्यायला सुरुवात केली होती. कुरण तुडवलं जातं, कचरा आम्ही उचलायचा आणि पैसा दुसऱ्यांना, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांची बाजू पटली. रविवारी हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याशी जी जत्रा असते ती बघितलेल्या कुणालाही पटेल.

गर्दी पाच मिनिटांच्या अंतरापर्यंतच. पिएरालोंजियाच्या दोन सुळक्यांकडे वळलो आणि पुढे आम्हीच. बसायला थांबलो तिथे तिने एक दगड हातात दिला. फिका, करडा-पांढरा, हाताला खरखरीत. हे डोंगर म्हणजे वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रातला चुना, त्यात प्रवाळांचे बांध. तो दगड साध्या चुनखडीपेक्षा वेगळा आहे हे दोलोम्यू नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या शेवटी दाखवलं, म्हणून हे नाव. मी तिला सांगितलं, आमचा डोंगर लाव्ह्याचा, काळा, आणि साडेसहा कोटी वर्षांचा. "म्हणजे लहान आहे," ती म्हणाली. सह्याद्रीला लहान म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं.

पण चालताना फरक खरंच कळतो. आपला कातळ कोरडा असला की बुटाला धरतो, दगा दिला तर पावसात, शेवाळ्यावर. इथे उन्हातही पायाखाली सुटा चुरा. तो घसारा उतरताना तिने मला टाच न रोवता गुडघे किंचित वाकवून, छोट्या पावलांनी चालायला लावलं. मी कधीकाळी दुसऱ्यांना हेच शिकवायची. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना जरा राग आला, मग गुडघ्याला बरं वाटलं.

रेगेन्सबर्गर झोपडीत जेवण. झोपडी म्हणायचं, पण दगडी दुमजली घर, आत कॉफीचं यंत्र. पालक आणि चीजचे क्न्योडेल, म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे, वर वितळलेलं लोणी. शाकाहारी माणसाने नीट विचारून घ्यावं. साध्या क्न्योडेलमध्ये आणि बार्लीच्या सुपातसुद्धा बहुतेकदा डुकराचं मांस असतं, आणि वाढणाऱ्यांच्या लेखी ते "थोडंसंच" असतं.

बुधवार

लांगकोफेल डोंगराच्या मागच्या अंगाने जाणारी वाट. सॅक्सनीच्या शेवटच्या राजाचं, फ्रीड्रिश ऑगस्टचं नाव दिलंय तिला. सेल्ला खिंडीतून निघायचं, डावीकडे सतत दरी उघडी, फारसा चढउतार नाही. डोंगराला कमरेतून ट्रॅव्हर्स मारत जाण्याचं सुख वेगळंच.

मध्ये एका ठिकाणी मार्मोलादा दिसला. दोलोमितेसमधला सर्वात उंच, ३३४३ मीटर, अंगावर उरलासुरला बर्फ. आतापर्यंत हसतखेळत बोलणारी गाइड इथे कमी बोलली. ३ जुलै २०२२ ला, रविवारी दुपारी, भर उन्हाळ्यात त्या हिमनदीचा तुकडा सुटला आणि अकरा माणसं गेली. गेलेल्यांत अनुभवी गाइडही होते. ती एवढंच म्हणाली, की आकाश तेव्हा निळं होतं.

चालता चालता भाषेचा विषय निघाला. तिच्या घरी लादिन बोलतात. ती ना जर्मनची बोली ना इटालियनची, बोलणारे सगळे मिळून तीसेक हजार. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. तरी शाळेत निम्मे विषय जर्मनमधून, निम्मे इटालियनमधून आणि वर लादिनचे तास, आणि लादिनचं स्वतःचं साप्ताहिक आहे. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत हा भाग ऑस्ट्रियाचा, मग इटलीचा. तिची आजी हयातभर याच दरीत राहिली आणि तरी देश बदलून बसली.

संध्याकाळी सौना. पोहण्याचा पोशाख घालून गेले तर दारावर पाटी: कपडे घालून आत येऊ नये. बहीण खुशाल आत गेली, म्युनिकने बिघडवलंय तिला. मी खोलीत येऊन कोमट पाण्यात पाय बुडवून बसले.

गुरुवार

नाश्त्यालाच गाइड फोनवर हवामान बघत होती. तरी निघालो. दांतरचेपीसच्या गोंडोलाने वर, तिथून चीरच्या सुळक्यांमधल्या खिंडीकडे. बेत असा, की ती खिंड, मग क्रेस्पेइनाची खिंड, मग उघड्या पठारावरून पुएझची झोपडी, २४७५ मीटर. चीरची घळ चढताना आजूबाजूला असे सुळके, की जीवधनच्या वानरलिंग्याला इथे भावंडं सापडली असती. खिंडीत पोचलो, पलीकडे चेदुलची दरी दिसली, सगळे फोटो काढायला लागले.

गाइड मात्र मागे बघत होती, सेल्ला डोंगराच्या डोक्यावर. साडेदहा वाजले होते. पांढरे ढग उभे चढत होते, खालून सपाट. काळं काही नव्हतं. तिने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "आज पुएझ नाही. परत."

कुणी काही बोललं नाही, मग सगळेच बोलले. डच गृहस्थ म्हणाला, पण ते बघा लोक जातायत. खरंच जात होते, रांगेने. ती म्हणाली, "त्यांच्याबरोबर मी नाही." आवाज न चढवता. मग तिने नकाशा काढून दाखवला: क्रेस्पेइना ओलांडली की मधल्या पठारावर आसरा नाही, झाड नाही, वीज कडाडायला लागली तर पुढे आणि मागे सारखंच लांब. आमच्यात एका बाईंच्या खुब्यात धातूचा सांधा आहे, उतारावर त्यांना दुप्पट वेळ लागतो. हे तिने बोलून दाखवलं नाही. मला रविवारचे ते खासगी प्रश्न आठवले.

परतलो. खाली येऊन एका झोपडीत कायझरश्मार्न खाल्लं, म्हणजे तुकडे केलेला जाड गोड पॅनकेक, वर पिठीसाखर. सगळे गप्प, चमच्यांचा आवाज.

आणि वादळ आलंच नाही. दोन वाजता ढग विरले. चारला लख्ख ऊन. गॅलरीत बसून पुएझच्या दिशेचं निळं आकाश बघत होतो. रात्री शेजारच्या टेबलावर दुसऱ्या हॉटेलाचे पाहुणे होते, ते पुएझला जाऊन आलेले, फोटो दाखवत होते. आमच्या टेबलावर डच गृहस्थाने "पैसे भरलेत" या शब्दांनी सुरू होणारी दोन वाक्यं बोलली. गाइड हॉटेलात जेवत नाही, ते बरंच.

मला ऐंशीच्या दशकातला एक ऑगस्ट आठवत होता. रतनवाडीहून रतनगडाला निघालो होतो, मी लीडर. वाटेत प्रवरा ओलांडावी लागते, पाणी मांडीपर्यंत होतं आणि गढूळ, वर डोंगरात पाऊस दिसत होता. मी परत फिरवलं. अमृतेश्वराच्या देवळात येऊन बसलो आणि पाऊस थांबला. तासाभरात ओढा घोट्याएवढा. एसटीत पोरं माझ्याशी बोलली नाहीत, आणि पुढची दोन वर्षं कुठेही डबकं दिसलं की कुणीतरी म्हणायचं, "परतायचं का?" दहा वेळा मागे फिरावं तर नऊ वेळा ऊनच पडतं. त्या नऊ वेळांचे टोमणे खाणं हा लीडरच्या कामाचाच भाग आहे, फक्त आम्हाला त्याचे पैसे मिळत नव्हते.

बहिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मग टेबलावर बोलली का नाहीस?" बोलून काय उपयोग. ज्याला पुएझ हवं होतं त्याला पुएझच हवं होतं. पण एक खरं, की इथे आल्यापासून ज्या गोष्टीसाठी मी पैसे वसूल झाले म्हणेन ती मऊ गादी नाही आणि पाच पदार्थांचं जेवणही नाही. सामान पाठीवर नसणं छानच, पण सॅक मी कधीच कुरकुरत वाहिली नव्हती. माणसं मोजणं, ढग बघणं, नको म्हणणं, हे ओझं वीस वर्षं वाहिलं, आणि या आठवड्यात ते दुसरं कुणीतरी वाहतंय.

शुक्रवार

लांगेनटाल. गावातूनच निघणारी सपाट दरी, दोन्हीकडे कडे, मध्ये गवत आणि पाइन. सुरुवातीलाच कड्याच्या पोटात वोल्केनश्टाइनच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष. सगळे पुढे गेले, मी आणि गाइड वर चढलो. किल्ला बघितल्याशिवाय मला राहवत नाही, हे तिला एव्हाना कळलंय. दोन-चार भिंती, खिडकीचं भोक, वर लोंबणारा कातळ. जागा हेरणाऱ्याला मानलं, वरून कुणी येऊ शकत नाही. पाण्याचं टाकं मात्र शोधूनही सापडलं नाही.

तिथे मी तिला कालबद्दल विचारलं, लोक चिडले त्याचं काय वाटतं. ती म्हणाली, हिवाळ्यात ती स्कीइंग शिकवते, तेव्हा तर रोज चिडतात. मग तिने विचारलं, तुझ्या डोंगरात कधी यावं? मी म्हटलं, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पाऊस फार सुंदर असतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये गडावर मी तुला नेणार नाही. ती मोठ्याने हसली.

संध्याकाळी गाइडसाठी पाकीट फिरलं. माझ्यापुढे आलं तेव्हा ते बऱ्यापैकी जाड होतं. कुणी किती घातले ते विचारायची इथे पद्धत नाही.

उद्या सकाळची बस. बहीण म्हणतेय, सप्टेंबरमध्ये हवा स्थिर असते, पुएझ तेव्हा करू. माझा व्हिसा ऑगस्टातच संपतो.