तुम्ही विचारलंत म्हणून : हॅर्टाला मुंबईत का उतरवलं नाही?

विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतल्या आवडत्या कादंबरीवर वाद निघाला, की परभणी असो का अंबाजोगाई, पहिल्यांदा ‘रागिणी’ येते, मग ‘ब्राह्मणकन्या’. मी विश्राम बेडेकरांची १९३९ची ‘रणांगण’ म्हणतो, आणि लगेच कुणीतरी विचारतंच : नायक चक्रधर मुंबईला उतरला, मग बोटीवर जिच्या प्रेमात पडला त्या हॅर्टाला सोबत का नाही घेतलं? भित्राच की तो!

आधी कागद बघा हो. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून हाकललेले ज्यू; हॅर्टा त्यांतलीच. १९३८च्या ऑक्टोबरात जर्मन ज्यूंचे पासपोर्ट रद्द झाले. नव्यानं वैध करताना त्यांवर ज्यू असल्याची खूण म्हणून लाल ‘जे’चा शिक्का पडू लागला. बाहेर पडताना रोख फक्त १० मार्क नेता येत. पासपोर्टशिवाय हिंदुस्थानात पाऊल टाकता येत नाही, हा कायदा १९२०चा. निर्वासिताला वर व्हिसा हवा, पोसण्याची कुणाची तरी हमी हवी. शांघायला व्हिसा लागत नव्हता, म्हणून या बोटी तशाच पूर्वेला जात. धक्क्यावर हात धरून उतरवायला ती काही एस.टी. नव्हती.

चर्चेला बसण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखा : प्रवासी कोण, उतरणार कुठं, तिथं त्याची वाट कोण बघतंय. हॅर्टाचा तिसरा रकाना कोराच राहतो. हे न करता बोलायला लागलं, की सगळा वाद चक्रधरच्या स्वभावावर घसरतो आणि बोट विसरली जाते.

इतकी वर्षं मी एवढंच सांगून थांबायचो. ते पुरेसं नाही, हे कबूल करतो. आधीच्या प्रेयसीनं, उमानं, दुखावल्यावर या चक्रधरनं मन बंद करून घेतलं होतं. दहा-बारा दिवसांत हॅर्टानं ते उघडलं. मुंबई आली, तो उतरला, ती बोटीवरच राहिली. मागाहून तिची पत्रं आली, आणि शेवटी तिनं समुद्रात उडी घेतल्याची बातमी. ती पत्रं सलग वाचा, मध्ये चहाला उठू नका. व्हिसाचा नियम तिथं डोक्यात राहत नाही. हमी लागते ना? मग ती देणारा माणूस बोटीवरच होता, असं वाटायला लागतं. लगेच दुसरं मन म्हणतं, परदेशाहून परतलेल्या एकट्या माणसाची हमी सरकारनं धरली असती का?

आपल्याकडच्या, मराठवाड्यातल्या वाचकाला हा प्रश्न जास्त टोचतो, त्याला कारण आहे. १९४८मध्ये रझाकारांच्या भीतीनं धाराशिवकडची घरंच्या घरं बार्शीला गेली. निजामाची हद्द ओलांडली तरी पलीकडे भाषा तीच, सोयरेही आपलेच. हॅर्टाला पलीकडे एकच माणूस होता.

आणि तो मुंबईला उतरला. तुम्ही भित्रा म्हणालात, की मला अजूनही राग येतो; नियम सांगून झाले, की पुढचं वाक्य मात्र सुचत नाही.