एका ट्रकने एवढी इमारत पडते का?

एम.ई.च्या सेमिनारला त्या दिवशी एका विद्यार्थ्याने अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीचा बॉम्बस्फोट विषय म्हणून घेतला होता. 19 एप्रिल 1995, सकाळी 9 वाजून 2 मिनिटं. मर्रा फेडरल बिल्डिंग या सरकारी कार्यालयांच्या इमारतीसमोर उभ्या केलेल्या ट्रकचा स्फोट, 168 माणसं गेली, त्यांत 19 लहान मुलं. इमारत कशी कोसळत गेली ते तो सांगेल, अशी माझी अपेक्षा. त्याने फळ्यावर पहिलंच वाक्य लिहिलं : 'एकट्या ट्रकने हे शक्य नाही, खांबांना आतून स्फोटकं लावलेली होती.'

वर्गात चुळबुळ झाली. मी त्याला पूर्ण बोलू दिलं, कारण त्याच्याकडे आकडेमोड होती. अमेरिकी हवाई दलाचे निवृत्त ब्रिगेडियर जनरल बेंटन पार्टिन यांचा हा युक्तिवाद. अंतर वाढतं तसा स्फोटाचा दाब झपाट्याने उतरतो, हे खरंच आहे. पण पुढे ते म्हणतात, लांबच्या खांबांपाशी हा दाब काँक्रीटच्या ताकदीपेक्षा कमी होता, म्हणून ते खांब बाहेरच्या स्फोटाने तुटणंच शक्य नाही.

"सर, दाबच कमी पडतोय, तर काँक्रीट फुटलं कसं?"

मी त्याच्या हातात अख्खा खडू दिला. दोन टोकांकडून दाब म्हटलं. त्याने जोर लावला, खडूला काही झालं नाही. आता आडवा धरून वाकव. कट्कन दोन तुकडे. ते लांबचे खांब चिरडले गेले असं तपासणाऱ्या अभियंत्यांनी म्हटलेलंच नाही. ट्रकपासून जेमतेम पाच मीटरवरचा एक खांब थेट स्फोटाने गेला, त्याच्या दोन्ही बाजूंचे शिअरमध्ये, म्हणजे आडव्या जोराने कापल्यासारखे, तुटले. आडव्या धक्क्यापुढे कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थचा, म्हणजे दाब सोसण्याच्या ताकदीचा, आकडा घेऊन बसायचं कशाला?

मग मी फळ्यावर इमारतीची उत्तरेकडची बाजू काढली. वरच्या मजल्यांचे खांब 20-20 फुटांवर, आणि ते सगळे तिसऱ्या मजल्याच्या ट्रान्सफर गर्डरवर, म्हणजे वरचा भार खालच्या मोजक्या खांबांवर नेणाऱ्या जाड तुळईवर, बसवलेले. गर्डरखाली मात्र 40-40 फुटांवर एकेक खांब. एक काढा, दोन खांबांमधला गाळा 80 फुटांचा होतो, मोमेंट, म्हणजे तुळईला वाकवणारा परिणाम, चौपट. तीन गेले की 160 फूट. गर्डर गेला, त्यावरचं सगळं गेलं. स्फोटाने थेट उद्ध्वस्त झालेला भाग सुमारे 4 टक्के, कोसळण्यासकट एकूण सुमारे 42 टक्के. माझ्या दृष्टीने त्या दिवसाचा सगळा मुद्दा याच दोन आकड्यांत आहे. स्फोटकं आतून लावली असं मानलं की इमारतीच्या रचनेला कुणी प्रश्नच विचारत नाही. आणि तो विचारला नाही, तर पुढच्या इमारतीतली माणसं तशीच मरतील. मी हे जरा तावातावानेच बोललो.

त्याने शेवटचा कागद काढला. भूकंपमापकाच्या नोंदीत कंपनाचे दोन ठळक टप्पे, म्हणजे स्फोट दोन! हा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण याची प्रत्यक्ष चाचणी झालेली आहे. 23 मे 1995 रोजी उरलेला सांगाडा पाडला, तेव्हाही यंत्रं लावून नोंद घेतली होती. त्यातही तसेच दोन टप्पे आले. एकाच धक्क्याच्या लाटा जमिनीतून वेगवेगळ्या वेगाने येतात.

"आणि तो दुसरा अनोळखी संशयित, जॉन डो नंबर दोन?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. एफबीआयने आधी त्या दुसऱ्या संशयिताचं रेखाचित्र काढलं आणि नंतर साक्षीदाराचा गोंधळ झाला म्हणून सांगितलं, तेव्हा लोकांना शंका येणं मी समजू शकतो. या स्फोटासाठी दोषी ठरलेल्या मॅकव्हे आणि निकोल्सच्या मागे आणखी कुणी होतं का, हा माणसांबद्दलचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर खांबांकडे मागू नये, एवढंच मी म्हटलं.

तास संपल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. "सर, खालीही खांब 20 फुटांवर असते तर?" लॅबमध्ये जाऊन आम्ही मॉडेल उघडलं आणि गर्डर काढून टाकण्यापासून सुरुवात केली.