दीड तोळा

"मावशी, पंधरा ग्रॅमचाच तर फरक आहे, तेवढ्याने काय होतं?" दुकानातला पोरगा म्हणाला आणि तिकडे व्हिडिओ कॉलवर माझी लेक सोनी हसली. नवा टॅब बघायला गेले होते. रात्रीचे साडेदहा वाजले, अजून ते हसू कानात आहे.

साधा आयपॅड ४७७ ग्रॅम, अकरा इंची आयपॅड एअर, एम२ चिपचा, ४६२. मी आकडे वहीत लिहून नेले होते. जळगावात राहून पंधरा ग्रॅमला कुणी 'तेवढं' म्हणावं? सराफ बाजारात तो दीड तोळा होतो. तिथे काटा काचेच्या पेटीत असतो, वाऱ्याने हलू नये म्हणून. आईच्या पाटल्या मोडल्या त्या दिवशी मी त्या काचेकडेच बघत बसले होते. ते असो.

आकड्याचं दुःख नाहीच मला. रात्री उशीला टेकून पेपर वाचायला घेतला की वीस मिनिटांत उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ सुरू होते आणि मनगटातून वर चढते. सकाळी कळण्याची भाकरी थापताना तो हात टेकवत नाही. घरात किती वेळा सांगितलं. यांचं उत्तर, मग वाचू नकोस. सोनीचं उत्तर, मोबाइलवर वाच. अमळनेरच्या जिजी तेवढ्या म्हणाल्या, "हात दुखस ते दुखस, माय," आणि तेल गरम करून आणलं. मला तेवढंच हवं होतं. दुखतंय म्हटल्यावर कुणी किती ग्रॅमने ते विचारू नये.

जेवणं झाल्यावर राहवलं नाही. पापडाचं पीठ मोजायचा काटा काढला आणि त्यावर माझा जुना टॅब ठेवला, सोनीने वापरून दिलेला, २०१३ चा एअर. कव्हरसकट ८५९. कव्हर काढून पुन्हा ठेवला, तर ४६९. मी दोनदा मोजलं. म्हणजे दुकानातला एक माझ्यापेक्षा आठ ग्रॅमने जड आणि दुसरा सात ग्रॅमने हलका, आणि इतकी वर्षं मी रोज रात्री ३९० ग्रॅमचं नुसतं कव्हर उचलत होते. पडून फुटू नये म्हणून मीच आग्रहाने घेतलेलं, जाड, मागे स्टँडचं.

मग उघडा टॅब हातात धरून पाहिला. खालच्या कोपऱ्याला अंगठ्याने धरला की तीच कळ. तळहात मागे मधोमध घेतला तर बराच वेळ काही नाही. काठवट एका कडेला धरून उचलली तर मनगट मोडतं, तीच खालून तळहातावर घेतली तर डोक्यापर्यंत जाते. हे मला कुणी शिकवायला नको होतं, तीस वर्षं पीठ मळतेय.

आयपॅड मिनी २९३ ग्रॅमचा आहे, हात लावताच हलका लागतो. पण त्याचा पडदा ८.३ इंची. पेपरचं पूर्ण पान उघडलं की रफार आणि अनुस्वार दिसेनात, बोटांनी मोठं करत बसायचं म्हणजे पुन्हा अंगठाच. तो नको. मोठ्या पडद्याचाच घ्यायचा, साधा किंवा एअर, जो स्वस्त तो. पैसे वाचतील त्यात पातळ कव्हर आणि मांडीवर ठेवायचा उतरता पाट. हा पाट सुताराकडून करून घेईन.

तर तो पोरगा पंधरा ग्रॅमबद्दल बरोबर होता. मान्य आहे मला. तरी त्याने माझा हात बघायला हवा होता, असं अजूनही वाटतं.

आत्ता सोनीचा फोन येऊन गेला. काट्यावरचे आकडे तिला सांगितले. ती जरा वेळ गप्प राहिली, मग विचारलं, "मम्मी, कोणता अंगठा?"

उजवा, म्हटलं. मग बराच वेळ त्याच्यावरच बोललो. टॅब राहिलाच.