जावक नोंदवहीतला सातवा माणूस

काका आले तेव्हा आमच्याकडे जुन्या दप्तराची नाशन यादी, म्हणजे नष्ट करायच्या कागदांची यादी, करायचं काम चालू होतं. ठाण्याचं सेवायोजन कार्यालय, नोकरी शोधणाऱ्यांची नावं नोंदवून ती मागणी करणाऱ्या कार्यालयांना पाठवणारं. लोक अजून ‘एम्प्लॉयमेंट’च म्हणतात. काका एका सरकारी कार्यालयातून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, राहायला कळव्याला. त्यांची पेन्शनची केस शेरा मारून परत आली होती: ‘मूळ नेमणूक सेवायोजन कार्यालयामार्फत झाल्याचा पुरावा जोडावा.’

१९८६ साली ते लागले तेव्हा नेमणूक २९ दिवसांची असायची. मध्ये एक दिवस खंड, की पुन्हा २९ दिवस. अशी वर्षं काढून माणूस कायम झाला. पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा उमादेवी निकाल आला, की रीतसर भरतीशिवाय लागलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही, आणि तात्पुरत्यांपैकी रीतसर कोण आलं, वशिल्यानं कोण, याला फार महत्त्व आलं.

“कार्ड होतं हो मॅडम माझ्याकडे. सव्वीस जुलैला घरात छातीभर पाणी. सगळं गेलं त्यात.”

२००५ च्या त्या पुरात कागद गमावलेली माणसं आमच्याकडे बरीच येऊन गेली आहेत. उमेदवाराकडे असायचं ते एक्स-टेन कार्ड. आमच्याकडे राहायचं ते एक्स-वन. त्याच्यावर शिक्षण, धंद्याचा कोड, ज्येष्ठतेची तारीख, नूतनीकरणाचे शिक्के आणि कुठकुठे नाव पाठवलं त्याच्या नोंदी. नोकरी लागली की हे कार्ड चालू नोंदणीतून निघायचं आणि मुदत संपली की नष्ट व्हायचं. काकांचं असणं शक्यच नव्हतं. पण ज्या कार्यालयानं माणूस मागितला त्याच्या मागणीपत्राची फाइल वेगळी असते, आणि तिच्यात पाठवलेल्या नावांची कार्यालयीन प्रत असते. काकांना कार्यालय आठवत होतं, महिनाही आठवत होता. मी १९८६ ची जावक नोंदवही काढली, बाहेर गेलेल्या पत्रांचे क्रमांक असतात ती.

रेकॉर्ड रूममध्ये रुमाल, म्हणजे फायलींची कापडात बांधलेली गाठोडी, सोडायला बसलं की हे खातं काय होतं ते कळतं. सुरुवात १९४५ ची, महायुद्धातून सुटलेल्या सैनिकांना काम मिळावं म्हणून. मग फाळणी झाली आणि निर्वासितांचे लोंढे आले. कल्याणची छावणी १९४९ मध्ये उल्हासनगर झाली. १ नोव्हेंबर १९५६ पासून कारभार राज्यांकडे आला. रिकामी पदं कळवायची सक्ती करणारा १९५९ चा कायदा लागू झाला तो १ मे १९६० ला, महाराष्ट्र झाला त्याच दिवशी. पुढे वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला, आणि फायलींमध्ये फिटर, टर्नर, वेल्डर दिसू लागतात.

“एम्प्लॉयमेंटला नाव घालून कुणाला नोकरी लागलीय?” हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकते आणि दर वेळी मला ते लागतं. कायदा मालकाला जागा कळवायला लावतो, आमच्या यादीतलाच माणूस घे असं सांगत नाही. १९९६ मध्ये न्यायालयानं सरकारी भरतीत वर्तमानपत्रातूनही अर्ज मागवायला सांगितलं, तेव्हापासून आमच्यामार्फत जाणारे मुलाखतीचे कॉल आटले. पण त्याआधी, ज्याचा कुणी साहेब ओळखीचा नाही अशा पोराचं नाव ज्येष्ठतेनं, त्याच्या पाळीनं, सरकारी टेबलावर जायचं ते इथूनच. नववी शिकलेल्या पोराला दुसरा रस्ता कुठला होता?

नोंदवहीत क्रमांक सापडला. त्या क्रमांकाची फाइल मात्र कपाटात नव्हती. नाशनासाठी काढलेल्या ढिगात, तळातल्या रुमालात होती. आमच्या शिपाईमामांनी वरचे रुमाल उतरवले आणि मी दोरा सोडला. पातळ कागदावर निळ्या कार्बनची प्रत, कडा कुरतडलेल्या. सातव्या ओळीत काकांचं नाव, नोंदणी क्रमांक, ‘९ वी पास’. पुढे लाल शाईनं ‘नेमणूक’ आणि तारीख.

काकांनी स्वतःच्या नावाआधी वरची सहा नावं वाचली. चौथ्यावर बोट ठेवून म्हणाले, “हा आमच्या चाळीतला. मुलाखतीला आलाच नाही, त्याच आठवड्यात वागळेत कंपनीत लागला. पुढं कंपनी बंद पडली.” मग आपल्या ओळीवर आले आणि डोळे पुसले.

साहेबांनी प्रत साक्षांकित केली. त्याच दिवशी मी टिपणी टाकली, की २९ दिवसांच्या नेमणुकांच्या काळातल्या मागणीपत्रांच्या फायली नाशन यादीतून वगळाव्यात. तेव्हा लागलेली माणसं अजून पेन्शनसाठी खेटे घालताहेत.

“ठेवणार कुठं?” साहेबांनी विचारलं.

नोंदणी ऑनलाइन झाल्यावर एक्स-वनची कपाटं रिकामी झाली होती, ती मी दाखवली. त्यांनी सही केली. आता मी त्या फायलींची यादी संगणकावर घेते आहे: मागणी करणारं कार्यालय, वर्ष, पाठवलेली नावं. साल सांगता आलं नाही तरी माणसाला नुसत्या नावावर आपला कागद मिळायला हवा.