1 जूनला जन्मलेला माणूस

निवृत्त झाल्यापासून लग्नात, मोंढ्यात, एसटी स्टँडवर, कुठंही गाठ पडली की प्रश्न ठरलेला: "गुरुजी, सरकारी नोकरीत रिटायरमेंटचं वय 58 चं 60 करावं का? तुमचं काय मत?" विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. ज्यांची दीड-दोन वर्षं उरलीत, त्यांना माझ्या तोंडून 'हो' ऐकायचं असतं. अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांना 'नाही'. मी चहा सांगतो आणि विषय पावसावर नेतो. तुम्ही मात्र सरळच विचारलंत, म्हणून सांगतो. पण त्यासाठी आधी माझं वय सांगावं लागेल, आणि गोची तिथंच आहे.

कागदावर माझा जन्म 1 जून 1964 चा. आई सांगायची, तू पोळ्याच्या करीला झालास, बैलांच्या शिंगांचा रंगसुद्धा वाळला नव्हता. म्हणजे श्रावण संपताना. साल तिला सांगता यायचं नाही. मग ही 1 जून आली कुठून? 1970 च्या जूनमध्ये बापानं शाळेत नेलं तेव्हा गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. धरता आला. म्हणजे पोरगं सहा वर्षांचं. शाळा जूनला भरते, त्यातून सहा वर्षं वजा केली आणि तारीख टाकली. माझ्यासोबत नाव घातलेल्या झाडून साऱ्या पोरांची हीच तारीख.

पुढं मी स्वतः जिल्हा परिषदेत मास्तर झालो आणि मीही तेच केलं. करणार काय? बाई सांगायची, "ज्वारी पोटऱ्यात होती बघा तवा." रजिस्टरच्या रकान्यात पोटऱ्यातली ज्वारी बसत नाही. आता माझे विद्यार्थी मोबाइलवर एकमेकांना 1 जूनच्या सामुदायिक शुभेच्छा पाठवतात. त्यातल्या कित्येकांना मीच जन्माला घातलंय.

नियम असा की ज्या महिन्यात 58 पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जायचं. पण जन्म 1 तारखेचा असला तर आदल्याच महिन्याच्या अखेरीस. म्हणून दर 31 मे ला राज्यभर शाली आणि नारळ यांना भाव येतो. 31 मे 2022 ला मलाही शाल, श्रीफळ, फेटा आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. (जन्मभर वेळेवर शाळेत गेलेल्या माणसाला निरोपाला घड्याळच का देतात, हे कोडं मला सुटलेलं नाही.) आईचा हिशेब धरला तर मी तीन महिने आधीच गेलो. किंवा तीन महिने अधिक एक वर्ष, कोण जाणे.

आता तुमचा प्रश्न. केंद्रानं 1998 मध्ये 58 चं 60 केलं. नांदेडला रेल्वेत असलेला माझा मावसभाऊ माझ्याच वयाचा, तोही 1 जूनचाच. तो माझ्यानंतर दोन वर्षं ड्युटीवर होता. आपल्या राज्यातही चतुर्थ श्रेणीला 60 आहेतच. साहेब 58 ला जातो आणि त्याला पाणी देणारा शिपाई 60 ला. अधिकाऱ्यांच्या संघटना वर्षानुवर्षं हे बोट दाखवतात, आणि त्यात खोटं काही नाही. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांचं दुखणं आणखी वेगळं. 2024 पर्यंत त्यांना आमच्यासारखी शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन नव्हती, खात्यात जमेल तेवढंच. त्यातला उशिरा लागलेला माणूस दोन वर्षं जास्त मागतो तेव्हा तो हावरटपणा नसतो. मार्च 2023 च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत ही पोरं तहसीलसमोर उन्हात बसली होती. मी पाण्याचा जार घेऊन गेलो होतो. माझी पेन्शन खात्यात जमा होती, त्यामुळं घोषणा द्यायला जीभ रेटेना.

आणि सरकारला 60 का गोड लागतात, तेही सांगतो. माणूस घरी गेला की ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, पेन्शनचा काही भाग विकल्याची रक्कम, सगळं एकदम द्यावं लागतं. दोन वर्षं थांबवला की ते ओझं दोन वर्षं पुढं. अनुभवाचा लाभ वगैरे भाषणात ठीक आहे. माझा शेवटच्या दोन वर्षांचा अनुभव विचाराल तर तो बहुतेक ऑनलाइन माहिती भरण्याचा होता. रेंज यावी म्हणून मोबाइल घेऊन शाळेच्या पत्र्यावर चढणारा 57 वर्षांचा मुख्याध्यापक गावानं पाहिलाय.

खरं सांगू? 2022 च्या मे महिन्यात मला कुणी दोन वर्षं दिली असती तर मी पायावर डोकं ठेवून घेतली असती. घराचं कर्ज बाकी होतं. पण त्याच महिन्यात माझा पुतण्या डी.एड. करून, टीईटी पास होऊन घरी बसलेला. 2012 पासून शिक्षकभरती अशी अडकली की त्याची ऐन वर्षं वाट बघण्यात गेली. नव्यानं लागणाऱ्या प्राथमिक शिक्षणसेवकाला तेव्हा महिना 6,000 मानधन होतं. 1 जानेवारी 2023 पासून ते 16,000 झालं. माझा शेवटचा पगार सांगत नाही, पण 16,000 च्या दरानंही त्यात चार-पाच पोरं बसली असती. म्हणून माझं उत्तर 'नाही'. निदान रिकाम्या जागा भरेपर्यंत तरी नाही. माझ्या जागेवर मात्र कुणीच आलं नाही, दोन वर्ग एकत्र बसवले, हेही सांगितलं पाहिजे. तेव्हा माझं 'नाही' तेवढंही पक्कं धरू नका.

या सगळ्या 58-60 मध्ये मला एक जण आठवतो. माझ्याच वर्गातला. कान धरायच्या रांगेत तो माझ्यापुढं होता. हात लांब, कान सहज धरला. आई म्हणायची, तो तुझ्याहून दीड-दोन वर्षांनी थोरला. 72 च्या दुष्काळात शाळेत सुकडी मिळायची, पण त्याच्या घरी तेवढ्यानं भागेना; तिसरीत असताना आईबापासोबत खडी फोडायच्या कामावर गेला तो परत आलाच नाही. पुढं सालगडी. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला सुटायचं. असे तीस-पस्तीस पाडवे. मग एका पाडव्याला मालकानं तरणा गडी ठेवला. तीच त्याची रिटायरमेंट. शाल नाही, घड्याळ नाही.

मागच्या वर्षी तो माझ्याकडं आला, श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरायला. वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत आणि वय 65 पूर्ण, तर महिना 1,500. गावात त्याला 'पगार'च म्हणतात. त्याच्या बायकोला लाडक्या बहिणीचे तेवढेच येतात. पण लाडका भाऊ कुठून आणायचा? आधार पाहिलं तर जन्मतारीख 1 जानेवारी 1968. आधार काढताना कुणीतरी अंदाजानं साल सांगितलं होतं आणि मशीननं 1 जानेवारी लावली. आम्ही मास्तर 1 जून लावायचो, मशीन 1 जानेवारी लावतं. म्हणजे 2033 पर्यंत थांबा.

मी त्याला गाडीवर मागं बसवलं आणि जुन्या शाळेत घेऊन गेलो. प्रवेश निर्गम रजिस्टर कपाटाच्या तळाशी, कोपरे वाळवीनं खाल्लेले. पानं उलटता उलटता माझं नाव आलं, त्याच्या वरच्याच ओळीत त्याचं. निळी शाई विटून तांबूस झालेली. जन्मतारीख: 1 जून 1964. खाली माझी, तीच. शेजारच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण: 'सतत गैरहजर'.

उतारा काढला, आधारच्या दुरुस्तीला लावला. साडेतीन वर्षं नाही म्हणायला वाचली. तुम्ही 58 की 60 विचारता. मला कुणी तो 65 चा आकडा खाली आणायचा का विचारलं तर मी चहा न सांगता उत्तर देईन.

परत येताना तो गाडीवर मागून म्हणाला, "मंग तुजं-माजं वय एकच की!"

"कागदावर एकच."

"तुजा पगार कवापासून चालू हाय?"

"22 च्या जूनपासून."

"आन् माजा?"

"29 च्या जूनला."

मागं तो बराच वेळ गप्प होता. आरशात पाहिलं तर बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होता.