कशेडी घाटवाला ब्लेड रनर

गणपतीच्या दुसऱ्या रात्री आमच्याकडे जागरणाला रमी असते. यंदा ती साडेबारालाच बंद पडली, कारण माझ्या मुलाने पत्ते पिसता पिसता पिल्लू सोडून दिलं: "इंटरस्टेलरच्या वर जाईल असा सायन्स फिक्शन सिनेमा झालेलाच नाही." समोर धाकटे दीर बसले होते. त्यांनी हातातली पानं पालथी ठेवली आणि चष्मा काढून पुसायला घेतला. आमच्या घरात हा युद्धाचा शंख असतो.

मग पहाटे साडेतीनपर्यंत कोणी पत्त्याला हात लावला नाही. रमीच्या गुणांच्या वहीत मागच्या पानावर यादी सुरू झाली. दहा नावं लिहायची, त्यावर एकमत करायचं. एकमत! सासूबाईंनी पहिल्याच फेरीत ‘मिस्टर इंडिया’ लिहायला लावला. १९८७ साली हातातल्या घड्याळाने माणूस अदृश्य होतो आणि फक्त लाल उजेडात दिसतो, हे विज्ञान नाही तर काय, हा त्यांचा सवाल. उत्तर कोणाकडेच नव्हतं. लिहिला.

दिरांचा देव म्हणजे दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक, आणि ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ त्यांची पोथी. "वहिनी, तुम्हीच सांगा याला. वानराने हवेत हाड भिरकावलं आणि पुढच्या क्षणाला अंतराळयान. एका कटमध्ये लाखो वर्षं! आणि हे १९६८ साली, माणूस चंद्रावर उतरायच्या आधी."

"काका, पहिली पंचवीस मिनिटं त्यात कोणी एक शब्द बोलत नाही."

"म्हणूनच म्हणतो, तू पण ऐकायला शीक."

पोराचं म्हणणं सगळंच टाकाऊ नव्हतं. पाण्याच्या त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, बाप यानात परत येतो आणि तेवीस वर्षांचे साठलेले निरोप बघत बसतो. तिथे मीही पदर ओला केलाय. शिवाय त्यातल्या कृष्णविवरामागे किप थॉर्नसारखा शास्त्रज्ञ, ज्याला पुढे २०१७ साली नोबेल मिळालं. बाप-लेकीचा सिनेमा आहे म्हणून आई आपल्या बाजूने येणार, असा त्याचा हिशेब होता. दिरांनी तो लगेच मोडला: "कृष्णविवर आमच्याकडे १९७४ सालीच येऊन गेलं. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा. नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, तीही बायकोच्या अक्षरात, परीक्षकांनी ओळखू नये म्हणून. पहिली आली." पण ती कथा आहे, सिनेमा नाही, हे मुलाने बरोबर पकडलं.

एवढ्यात जाऊबाई चहा घेऊन आल्या. त्यांचं माहेर खोपोली. ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ यादीत आलाच पाहिजे, कारण त्यातल्या भारतातल्या प्रसंगाचं शूटिंग १९७७ साली खालापूरजवळच्या हाळ गावी झालं. पडद्यावर ते धरमशाला म्हणून दाखवलंय, पण हा आवाज कुठून आला असं विचारल्यावर आकाशाकडे बोट दाखवणारे ते शेकडो हात आपल्या रायगडचे. दीर चहा पिता पिता थांबले. २००१ मधल्या संगणकाचं नाव हॅल. "हॅल आणि हाळ," ते पुटपुटले, आणि बायकोला न विचारता स्वतःच तो सिनेमा लिहून टाकला.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ब्लेड रनर. पण का, ते सांगायला लालबागला जावं लागेल.

अप्पा, म्हणजे माझे वडील, कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. सुरुवातीची सहा वर्षं बदली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम कामगाराचा खाडा पडला तर त्याच्या जागी दिवसाचं काम. नाहीतर पास खिशात परत. ते कायम झाले आणि १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. तो संप मागे घेतल्याचं आजतागायत कोणी जाहीर केलेलं नाही, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या माझे वडील २००९ साली संपावर असतानाच गेले.

१९८४मध्ये त्यांनी आईच्या पाटल्या गहाण ठेवून चाळीच्या जिन्याखाली व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी काढली. दिवसाला दहा रुपये, रिवाइंड न करता आणली तर एक रुपया जास्त. कॅसेटी कुठून यायच्या ते विचारू नका, कायदेशीर नक्कीच नव्हत्या. इंग्रजी नावं गिऱ्हाइकांना वाचता यायची नाहीत, अप्पांनाही नाही. म्हणून ते आधी सिनेमा बघायचे आणि मग पांढऱ्या पट्टीवर बॉलपेनने आपलं नाव घालायचे. टर्मिनेटर म्हणजे ‘लोखंडी माणूस’. एलियन म्हणजे ‘पोटातला’. लोक येऊन विचारायचे, "पोटातला आहे का घरात?" आणि मी, सातवी-आठवीतली मुलगी, शांतपणे काढून द्यायची.

ब्लेड रनरची कॅसेट आली तेव्हा सबटायटल वगैरे काही नव्हतं. मी शाळेतल्या इंग्रजीवर जमेल तेवढं सांगत होते. कंपनीने माणसासारखी माणसं बनवली आहेत, दुसऱ्या ग्रहांवर राबायला. चार वर्षांत मरतील अशीच बनवली आहेत. काही पळून आली, त्यांना शोधून मारायला हा माणूस. मारण्याला ते ‘रिटायर करणं’ म्हणतात. (पुढे गिरण्यांमध्ये स्वेच्छानिवृत्ती आली तेव्हा मला हा शब्द फार आठवला.)

अप्पांनी विडी विझवली. "अगो, हे तर बदलीवाले!"

आणि पट्टीवर तेच नाव पडलं.

त्यानंतर मला काही समजवावं लागलं नाही. त्यांचा म्होरक्या कंपनीच्या मालकाकडे जातो, पिरॅमिडसारख्या इमारतीत सगळ्यात वर, आणि आयुष्य वाढवून मागतो. अप्पा म्हणाले, "मालकापर्यंत पोचलो तरी ह्यो. आमका लेबर ऑफिसराच्या फुडे कोणी सोडूक नाय." शेवटी गच्चीवर, पावसात, हातात कबूतर घेऊन तो मरतो, तेव्हा चाळीच्या पत्र्यावरही पाऊस होता. त्या सिनेमातलं लॉस एंजेलिस २०१९ सालचं आहे म्हणे. मला ते जुलैतलं लालबागच वाटायचं.

तेव्हापासून माझी फूटपट्टी ठरली. यान कसं दिसतं ते मी दुसऱ्यांदा बघते, आधी बघते त्यात काम कोण करतंय. एलियनमध्ये बघा, खनिज वाहणारं मालवाहू जहाज, आणि खालचे दोन मेकॅनिक सुरुवातीपासून बोनसवरून कुरकुरतायत. आमच्या संपाची ठिणगीही बोनसचीच. आणि कंपनीचा गुप्त आदेश काय, तर प्राणी आणा, माणसं गेली तरी चालतील. १९२७चा ‘मेट्रोपोलिस’ मी खूप नंतर पाहिला. भोंगा होतो, पाळी बदलते, आणि बाहेर येणारे कामगार आत जाणाऱ्यांच्या निम्म्या वेगाने चालतात. त्याच्या दिग्दर्शकाला, त्या फ्रिट्झ लांगला, हे कोणी सांगितलं असेल? हे बघायला अप्पा हवे होते.

दिरांना मी म्हटलं, तुमचा हॅलही कामगारच. त्याला बंद करायचं ठरतं, ते तो काचेपलीकडून ओठांवरून वाचतो, आणि मग जे करतो ते करतो. शेवटी एकेक पट्टी काढून घेतात तेव्हा गाणं म्हणतो बिचारा.

"वहिनी, त्याने चार-पाच जणांना मारलंय."

"मी कुठे चांगला कामगार म्हटलं."

खरी चकमक पुढे झाली. दिरांना ब्लेड रनर मान्य होता, पण १९९२ची आवृत्ती, नाहीतर २००७ची. मूळच्यात नायकाचं निवेदन होतं आणि शेवट गोड होता: ती दोघं गाडीतून शहराबाहेर पडतात, हिरवे डोंगर लागतात, आणि तिला चार वर्षांची मुदत नाही असं कळतं. स्टुडिओच्या दबावाखाली चिकटवलेला शेवट, दिग्दर्शकाने नंतर काढून टाकला, जगातल्या सगळ्या जाणकारांनी सुटकेचा निःश्वास सोडला. दिरांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. सिनेमा तिथे फिका पडतोच.

पण अप्पांनी ते डोंगर पाहिले आणि ते खुर्चीत पुढे सरकले. संपात आमच्या मजल्यावरची अर्धी बिऱ्हाडं कोकणात गावाला गेली होती, काही परत आलीच नाहीत. "गावाक चलले," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "कशेडी घाट लागलो."

मी दिरांना शेवटचं पान टाकलं: ते डोंगर मुळात कुब्रिकचे. त्याच्या ‘द शायनिंग’साठी हेलिकॉप्टरमधून घेतलेलं आणि न वापरलेलं चित्रण उसनं आणून तो शेवट जोडलाय. दीर गप्प. चष्मा पुन्हा पुसला.

मी वही ओढून पहिल्या नंबरावर लिहिलं: ब्लेड रनर, कॅसेटवाला.

"कॅसेटवाला म्हणजे कुठलं व्हर्जन?" मुलाने विचारलं. तो फोनवर शोधत होता.

"कशेडी घाटवालं," मी म्हटलं. "वाट आता पत्ते."