बुलेटचा हिवाळा: दहा मिनिटांवरून एका मिनिटावर

मागच्या नोंदीत क्लच केबल बदलल्याचं लिहिलं होतं. त्यानंतर गाडीला हात लावायचं कारण नव्हतं, पण नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निफाडला थंडी पडली आणि तिचं रडगाणं सुरू झालं. आमच्याकडची थंडी पेपरात येते ती कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या आकड्यामुळे. माझा आकडा ओसरीवर खिळ्याला टांगलेल्या थर्मामीटरचा. या नोंदीतल्या बहुतेक सकाळी तो ६ ते ९ अंशांच्या मध्ये होता.

नव्या मंडळींसाठी गाडी सांगतो. १९९४ची बुलेट स्टँडर्ड ३५०, बिडाचा सिलिंडर, बोअर ७०, स्ट्रोक ९०, पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क असलेली), १२ व्होल्ट. नानांनी घेतलेली, आता माझ्या ताब्यात. ताब्यात म्हणजे खर्च माझा, सूचना नानांच्या.

पहिली सूचना लहानपणापासून ऐकतोय: "थंडीत दहा मिनिटं तापू दे, मग हलव." आणि खरंच, गेली दोन वर्षं तिला दहा मिनिटं लागतच होती. पंधरा-वीस किका, मग सुरू झाली की ॲक्सिलरेटर हातात धरून उभं राहायचं. सोडला की बंद. गल्लीतली कुत्री उठायची, समोरच्या काकूंची खिडकी उघडायची. यंदा ठरवलं, या दहा मिनिटांचा हिशोब लावायचा.

किक मारायची आमची पद्धत लिहून ठेवतो, कारण मागे दोघांनी विचारली होती. चावी बंद, पेट्रोलचा कॉक चालू, चोक वर. क्लच दाबून दोन किका. रात्रभर उभी असली की थंडीत क्लच प्लेटा ऑइलने एकमेकींना चिकटतात, त्या सुटतात. मग डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारी छोटी दांडी) दाबून तीन-चार सावकाश किका. आता चावी चालू करायची आणि ॲमीटरचा काटा मधे येईपर्यंत किक हळूहळू दाबायची. काटा मधे आला म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन वर आलाय. डीकॉम्प दाबून पाय जरासाच पुढे रेटायचा, डीकॉम्प सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच, शेवटपर्यंत. ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही. हे सगळं मी नेमाने करत होतो, तरी वीस किका.

पहिला संशय पॉइंटवर. फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घेऊन बसलो, फट ०.३५ ते ०.४० मिमी हवी तिथे ओसरीच्या उजेडात चुकीचं पातं घातलं आणि ०.५० लावून मोकळा झालो. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे सरकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी किकने असा उलटा तडाखा दिला की नडगीला आठवडाभर हळद लावून होतो. चूक शंभर टक्के माझी. गेजच्या पात्यांवरचे आकडे आता पांढऱ्या रंगाने ठळक केलेत.

फट बरोबर लावली, प्लग नवा टाकला, किका वीसवरून पंधरावर आल्या. म्हणजे आजार भलतीकडेच होता.

खुणा नीट पाहिल्या तेव्हा कळलं. दुपारी गाडी पहिल्या किकला उठते. सकाळी चोक वर असो की खाली, काहीच फरक पडत नाही. फरक पडत नाही म्हणजे चोक कामच करत नाहीये! थंड पेट्रोलची नीट वाफ होत नाही, निम्मं इनटेकच्या गार भिंतीला चिकटून राहतं, म्हणून सुरुवातीला मिक्शचर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) मुद्दाम घट्ट, म्हणजे जादा पेट्रोलचं, द्यावं लागतं. आमच्या व्हीएम कार्बोरेटरमध्ये चोक ही हवा अडवणारी पट्टी नसते. वेगळी वाट असते, प्लंजर उचलला की त्या वाटेने जादा पेट्रोल ओढलं जातं, आणि ते मोजून देणारं बारीक जेट खाली फ्लोटच्या वाटीतच बसवलेलं असतं. वाटी उघडली तर तळाशी हिरवट-पांढरी साय आणि ते भोक पूर्ण बुजलेलं. वायरीच्या तांब्याच्या तारेतला एकच धागा, कार्बोरेटर क्लीनरचा फवारा, मग पंपाची हवा. सुई किंवा पोलादी तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग रडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ८ अंश. तिसरी किक. ॲक्सिलरेटर सोडून दिला तरी धुगधुगत राहिली. मी खरंच एकटाच हसलो.

आता दोन वर्षांच्या त्या दहा मिनिटांचा अर्थ लागला. आम्ही इंजिन तापवत नव्हतोच. चोकची वाट बुजलेली असल्याने पातळ मिक्शचरवर इंजिन उपाशी होतं आणि हेड पुरेसं गरम होऊन पेट्रोलची वाफ व्हायला लागेपर्यंत आम्ही तिला हाताने जगवत होतो. यात ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचाही हात असणार. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर मिक्शचर आणखीच पातळ. शिवाय ते पाणी धरतं. ती साय त्याचीच असेल असं माझं मत. छातीठोक सांगत नाही. पायलट जेट (कमी रेसवर पेट्रोल मोजून देणारं) एक नंबर मोठं मागवलंय.

मग प्रश्न उरला: धड चालणाऱ्या इंजिनाला तापायला किती वेळ द्यायचा? यावर आपल्या बुलेटवाल्यांत दोन तट आहेत, उभी तापवणारे आणि लगेच हलवणारे, आणि दोघेही मेस्त्रीचं नाव सांगून भांडतात. मी मोजायचं ठरवलं.

सिलिंडरसाठी लेझरवाली तापमान बंदूक. ती काळ्या बिडावर बरोबर वाचते, चकचकीत ॲल्युमिनियमवर खोटं कमी दाखवते, म्हणून हेडच्या नादी लागलो नाही. ऑइलसाठी स्वयंपाकातला काडीवाला डिजिटल थर्मामीटर, गाडी बंद करून ऑइलच्या झाकणातून आत. (घरात नवीन आणून द्यावा लागला.) दोन सकाळी, दोन्ही ७ अंशांच्या.

पहिल्या दिवशी जागेवर उभी ठेवून पाच मिनिटं. सिलिंडर ६४ अंश, ऑइल १५. दुसऱ्या दिवशी एक मिनिट उभी, मग चार मिनिटं तिशी-पस्तिशीच्या वेगाने, रेस न देता. सिलिंडर ७२, ऑइल २४. दोनच दिवसांची मोजणी आहे, तिला शास्त्र म्हणू नका. पण उभ्या गाडीचं ऑइल किती सावकाश तापतं ते पाहून मी चाट पडलो. वरून हात लावला तर चटका बसतो आणि खाली ऑइल अजून गारच. आम्ही २०डब्ल्यू-५० वापरतो, ते थंडीत काकवीसारखं असतं. टॅपेटकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून बघितलं: दुपारी ऑइल लगेच पाझरलं, सकाळी बराच वेळ वाट पाहावी लागली. म्हणून सुरू झाल्याझाल्या फटाफट रेस देणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. ते इंजिन तापवत नाहीत, कोरडं घासतात.

मग नाना चूक का? तसंही नाही. दोन दिवस मी आकडे ऐकवले तेव्हा त्यांनी मूळ गोष्ट सांगितली, जी मला माहीतच नव्हती. नवीन बोअर (सिलिंडर आतून कोरून नवा पिस्टन) केल्यावर चौथ्या दिवशी, थंडीतल्या पहाटे, चांदवडला लग्नाला निघाले. किक मारली, बसले, उशीर झाला म्हणून पिळली. चांदवड गाठायच्या आधीच पिस्टन जाम. मागचं चाक लॉक, नशीब रस्ता मोकळा. नवरदेव बैलगाडीने पोहोचला असेल, नाना मात्र टेम्पोत बुलेट घालून परत.

का झालं ते गणिताने कळतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ७० मिमीचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर साधारण ०.१५ मिमी वाढतो, सिलिंडर तेवढाच तापला तर ०.०७. आणि थंड इंजिनाला पिळलं की पिस्टन आधी तापतो, जाड बीड मागे राहतं. नव्या बोअरची फट मुळातच कमी. नानांनी त्या दिवसापासून दहा मिनिटांचा नियम केला आणि जुना झालेला, सैल पिस्टन असतानाही तोच पाळला. थंड असताना आमचा पिस्टन आता टकटक वाजतो, दीड-दोन किलोमीटरनंतर शांत होतो. तो आवाज हेच माझं घड्याळ: वाजतोय तोवर चाळिशीच्या वर नाही.

उभं ठेवून तापवण्याचा दुसरा तोटा डिसेंबरात दिसला. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर. हेड गास्केट वगैरे काही नाही; हवेवर थंड होणाऱ्या गाडीत पाणी येणार कुठून? पेट्रोल जळताना जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. इंजिन गार असलं की त्याची थोडी वाफ पिस्टनच्या बाजूने खाली जाऊन थंड ऑइलमध्ये घोटली जाते. दोन महिने मी रोज तापवून दुधाच्या डेअरीपर्यंत जाऊन परत येत होतो, ऑइल कधी धड गरम झालंच नाही. परवा रविवारी नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला घेऊन गेलो, वाटेत द्राक्षबागांत अजून शेकोट्या धुमसत होत्या. परत आल्यावर झाकण उघडलं, थर निम्म्याने कमी.

धुराबद्दल पुतण्याने विचारलं म्हणून: सकाळी सायलेन्सरमधून पांढरं येतं आणि हवेत विरतं ती वाफ. निळसर, तेलकट वासाचा येतो तो ऑइलचा. आमची आठवडाभर उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल झिरपून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या पोकळीत) उतरतं आणि पहिली दोन मिनिटं गल्ली निळी होते. त्यावर उपाय अजून केलेला नाही. आणि कितीही थंडी असली तरी पडवीचं दार लावून आत गाडी सुरू ठेवू नका. चोकवरचं इंजिन सर्वात जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडतं आणि त्याला वास नसतो.

याच पुतण्याची नवी क्लासिक, इंजेक्शनवाली. बटण दाबलं की सुरू, स्वतःच जरा चढ्या आवाजात चालते, स्वतःच उतरते. तो हेल्मेटचा पट्टा लावेपर्यंत तिचं काम झालेलं असतं. आतेभाऊ कॅनडात विनिपेगला, तो तर रात्री गाडीची वायर भिंतीतल्या प्लगला लावून झोपतो. ब्लॉक हीटर आतलं पाणी कोमट ठेवतो. नानांना सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडं रात्री लाइट राहिली तर!"

आजची नोंद. ६ अंश, दुसरी किक. चोक चाळीस सेकंदांनी खाली. मिनिट झालं, गिअर टाकणार तेवढ्यात ओसरीवरून आवाज, "अरे, तापू दे जरा." मग हातमोजे काढले, पुन्हा घातले, आरसा पुसला. दोन मिनिटं झाली असतील. नानांनी मान हलवली तेव्हा निघालो.

बाकी राहिलेलं: पायलट जेट, क्रँककेसमध्ये उतरणारं ऑइल, आणि डाव्या बाजूने काहीतरी खुळखुळतंय ते.